काकूंचा प्रश्न

आज शेजारच्या काकूंना फ्लूची लस टोचून घ्यायला धरमपेठेत घेऊन गेलो होतो. "ही पण कोरोनाच्या लशीसारखी घाईघाईत आणलेली नाही ना?" असे त्यांनी विचारताच परिचारिकेने कुपी उजेडात धरून त्यांना मुदतीची तारीख वाचू दिली, शांतपणे दोन वाक्ये सांगितली, आणि काकूंनी पदर सावरून दंड पुढे केला.

काकूंची शंका अडाणीपणाची नव्हती. २ जुलै २०२० रोजी आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालकांनी १५ ऑगस्टपर्यंत कोव्हॅक्सिन ही कोरोनाची भारतीय लस आणण्याविषयी रुग्णालयांना पत्र पाठवले होते, आणि ३ जानेवारी २०२१ रोजी माणसांवरील चाचण्यांच्या तिसऱ्या टप्प्यातली परिणामकारकतेची आकडेवारी हाती येण्यापूर्वीच तिला मर्यादित वापराची परवानगी मिळाली. पुढे ती ७७.८ टक्के परिणामकारक ठरली, तरी क्रम उलटल्यामुळे शिरलेला संशय नंतरच्या आकड्यांनी पुरता निघाला नाही, असे माझे ठाम मत आहे. आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने मात्र मिठाच्या पाण्याच्या गुळणीवरून आरटी-पीसीआर ही कोरोनाची चाचणी करण्याची पद्धत काढली (नाकात काडी घालायला घाबरणाऱ्यांना केवढा दिलासा!) आणि मे २०२१ मध्ये तिला मान्यता मिळाली, तेव्हा ती कोणालाही सहज समजावून सांगता येत होती.

प्रत्येक लसीकरण केंद्रावर प्रश्नांसाठी वेगळी वेळ राखून ठेवावी, अशी लेखी मागणी मी उद्या महापालिकेकडे करणार आहे.