उभ्यासाठी यू, आडव्यासाठी ए

जुलैत तीन आठवडे ठाण्याला होते. त्यातली सुट्टी एकच आठवडा, बाकीचे दिवस चरईतल्या घरून ऑफिस. म्युनिकचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेबारा, त्यामुळे मामलेदारची मिसळ हाणून, तलावपाळीला एक चक्कर मारून मग लॉगिन, असा राजेशाही कारभार होता. फक्त रात्री साडेआठला आई ताटं घ्यायची तेव्हा तिकडे पाच वाजलेले आणि मीटिंग ऐन रंगात.

बाबा मागे उभे राहून काळ्या स्क्रीनकडे बघत म्हणाले, "तू अजून डॉसवर काम करतेस?"

डॉस नाही, टीमक्स. टर्मिनलचे, म्हणजे हुकूम टाइप करायच्या त्या काळ्या खिडकीचे, हवे तेवढे कप्पे करून देतं, पण ती वरवरची गंमत. खरी गंमत अशी की ते सर्व्हरवर चालतं, आपला लॅपटॉप नुसता त्यात डोकावत असतो. दुसऱ्याच दिवशी पाऊस धो धो आणि लाईट गेली. आमच्या इन्व्हर्टरवर पंखा आणि ट्यूबलाईट, राउटर नाही. चाळीस मिनिटांच्या टेस्ट लावल्या होत्या त्या तिकडे म्युनिकमध्ये निवांत चालू राहिल्या, लाईट आल्यावर परत अटॅच केलं तर कर्सरसुद्धा होता तिथेच. जर्मनीतल्या पहिल्या वर्षी हे माहीत नव्हतं, ट्रेनमध्ये बसून डेटा मायग्रेशन (डेटा एकीकडून दुसरीकडे हलवणं) चालवलं, बोगदा आला, कनेक्शन गेलं आणि त्याच्याबरोबर मायग्रेशनही मेलं, तो शनिवार-रविवार कसा गेला ते विचारू नका.

आता कॉन्फिग, म्हणजे टीमक्सच्या सेटिंगची फाइल. टीमक्स २००७ पासून आहे, त्याच्या आधीचं 'स्क्रीन' नावाचं तसंच सॉफ्टवेअर तर १९८७ चं, आणि दोघांचंही तंत्र तेच की आधी एक ठरलेली की दाबायची आणि मग हुकूम सोडायचा. टीमक्सची ती की म्हणजे कंट्रोल-बी, जी दाबताना बोटांचे हाल होतात, म्हणून लोक स्क्रीनसारखी कंट्रोल-ए करून घेतात. मी लॅपटॉपवर ए केली पण सर्व्हरवर बीच ठेवली, कारण टीमक्सच्या आत टीमक्स उघडलं की दोघांची की एकच असली तर आधी बाहेरचंच उत्तर देतं.

कप्पा पाडायला मुळात टक्क्याचं चिन्ह आणि डबल अवतरण. कुठलं उभं कुठलं आडवं हे मला आजतागायत पाठ झालेलं नाही. नेटवरून कोणाची तरी फाइल उचलली, त्यात उभ्या दांडीची की होती, आता ती दांडी आपल्या कीबोर्डवर सरळ शिफ्ट दाबून मिळते पण जर्मन कीबोर्डवर ऑल्ट-जीआर धरून शोधावी लागते. (तिथे वाय आणि झेडचीही अदलाबदल आहे, आणि कप्पा मोठा करायची की नेमकी झेड! ठाण्यात बाबांचा जुना कीबोर्ड जोडला आणि पहिले दोन दिवस वायच दाबत बसले.) शेवटी वैतागून सरळ मराठीत केलं, उभ्यासाठी यू, आडव्यासाठी ए. ऑफिसातल्या सहकाऱ्याने यू म्हणजे काय विचारलं, त्याला 'उभा' म्हणायला शिकवलं, तो 'उबा' म्हणतो, चालतंय. त्याच ओळीत नवा कप्पा आत्ताच्याच फोल्डरमध्ये उघड असंही सांगून टाकलंय, नाहीतर दर वेळी सीडी सीडी (फोल्डर बदलायचा हुकूम) करत बसा.

सगळ्यात मोठा पोपट मात्र नेटवरून झाला. ऑफिसच्या नव्या सर्व्हरवर व्हिममध्ये (टर्मिनलमधला एडिटर) एस्केप दाबलं की अर्धा सेकंद काहीच व्हायचं नाही. मी ठरवूनच टाकलं की ठाण्याचं नेट बेकार. नेटवाल्याला बोलावलं, बिचारा पावसात गच्चीवर जाऊन नवी वायर टाकून आला, मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाला, "ताई, स्पीड तर फुल येतोय." आणि माझं तेच, एस्केप, अर्धा सेकंद. तो चहा पीत होता तेव्हा डोक्यात उजेड पडला की अक्षरं तर झटपट उमटतायत, अडतंय ते एकटं एस्केप. टीमक्स एस्केपनंतर थोडं थांबतं, कारण बाणांच्या कीसुद्धा आत एस्केपनेच सुरू होतात आणि एकटं एस्केप आलंय की बाण हे त्याला ओळखायचं असतं. जुन्या व्हर्जनमध्ये ही वाट बघणं ५०० मिलिसेकंदांचं, नव्यात १० वर आणलंय. त्या सर्व्हरवर जुनं व्हर्जन होतं आणि माझी कॉन्फिग फाइल मी टाकलीच नव्हती. एक ओळ लिहिली, काम झालं. नेटवाल्याला काही बोलले नाही, वायरचे पैसे दिले आणि वर दोन वेळा थँक्यू म्हटलं.

खालच्या पट्टीत दोन घड्याळं लावलीत, डावीकडे ठाणे, उजवीकडे म्युनिक. ती खरं तर माझ्यासाठी, पण जेवायच्या वेळी बाबाच चष्मा वर करून उजवीकडचं बघायचे आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगायचे, "तिकडे पाचच वाजलेत गं, हिची आमटी झाकून ठेव."