असं काय झालं होतं आईला?

‘तुमच्या आईंना डिप्रेशन होतं ना? असं काय झालं होतं हो?’ आईचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: काहीच झालं नव्हतं. घरात मयत नाही, पैशाची ओढाताण नाही, भांडण नाही.

एका दुपारी घरी आले, तर सकाळी निवडायला घेतलेली मेथीची जुडी तिच्यापुढे तशीच, पार कोमेजलेली. हातात एकच काडी. “होतच नाही गं,” एवढंच म्हणाली. रडत नव्हती. डिप्रेशन म्हणजे रडणं, अशी आमची समजूत. त्यामुळे लक्षातच आलं नाही. मावशी म्हणायची, मन रमव, हरिपाठाला चल. आईची तक्रार अंग जड झाल्याची, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटण्याची. त्यापायी ईसीजी झाला, ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या.

मानसोपचारतज्ज्ञांनी ‘काय झालं?’ हे आधी विचारलंच नाही. पहाटे कितीला जाग येते? जेवणाला चव लागते का? कधीपासून? जगणं नकोसं वाटतं का, हेही सरळ विचारलं. आम्ही हादरलो, आई शांतपणे ‘हो’ म्हणाली. असं विचारल्यानं तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट बोलता येतं, हे त्यांनी नंतर समजावलं. थायरॉईडही तपासायला लावलं, कारण ते कमी पडलं तरी माणूस असाच मंदावतो.

डिप्रेशन आहे की नाही हे ठरवायच्या डॉक्टरांच्या निकषांत ९ लक्षणं असतात. त्यांतली किमान ५, सलग २ आठवडे, जवळपास रोज. आणि उदासी किंवा कशातच गोडी न वाटणं, यांतलं एक हवंच. रडू आलंच पाहिजे असं नाही. जवळचं माणूस नुकतंच गेलं असेल तर लगेच डिप्रेशन म्हणू नका, थांबा, अशी एक सवलत अमेरिकी निकषांत होती. २०१३ साली तीही काढली. हे मला अजून पटलेलं नाही. शोकाला आजार म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण आम्ही चार महिने कारण शोधत बसलो आणि तेवढे दिवस ती रोज पहाटे तीनपासून छताकडे बघत पडायची, हेही विसरता येत नाही.

गोळ्या सुरू झाल्यावर दोन आठवडे काही फरक नव्हता. पाचव्या आठवड्यात जेवताना म्हणाली, “आमटीत मीठ कमी पडलंय.” मी मीठ आणायला म्हणून उठले, आणि ओट्यापाशी उभी राहून रडले.