पांढऱ्या ॲनिमोनीचा फोटो

एप्रिल २०२४, लक्षद्वीपमधलं कडमत बेट. बारा मीटर खोलीवरही मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर ३१ अंश दाखवत होता. व्हाइट बॅलन्ससाठी, म्हणजे कॅमेऱ्याला रंग खरे दाखवायला लावण्यासाठी, एरवी मी पांढरी स्लेट जवळ ठेवतो. त्या दिवशी ती काढावीच लागली नाही, समोरचं प्रवाळच पांढरंफटक होतं.

सोबतच्या पाहुण्यांना ‘निमो’, म्हणजे सिनेमातला क्लाउनफिश, हवा होता. सगळ्यांनाच हवा असतो. क्लार्क्स क्लाउनफिशची जोडी सापडली, पण ती ज्यात राहते ते ॲनिमोनी, बोटांसारख्या शुंडकांचा समुद्री प्राणी, तेही पांढरं. त्याचा तपकिरी रंग आणि बरंचसं अन्न आत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाकडून येतं. पाणी तापत राहिलं की ते शैवाल बाहेर टाकलं जातं, यालाच ब्लीचिंग म्हणतात. जनावर जिवंत असतं, पण उपाशी.

लाल रंग पाण्यात पहिल्या काही मीटरांतच संपतो, म्हणून स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचे फ्लॅश, लागतात. ते लेन्सजवळ ठेवले की पाण्यातले कण उजळून फोटोवर पांढरे ठिपके येतात. मी दोन्ही स्ट्रोब लांब, कॅमेऱ्याच्या थोडे मागे नेले आणि तोंडं बाहेर वळवली, म्हणजे विषयावर नुसती उजेडाची कड पडते. पांढरं जास्त उजेडाने जळू नये म्हणून स्ट्रोबची पॉवर उतरवली, मागचं पाणी गर्द निळं राहील असं शटर धरलं आणि थांबलो. मासा सारखा हलतो, पण फिरून त्याच जागी येतो. तेवढाही धीर नसलेले, काठीने टोचून माशाला बाहेर काढणारे फोटोग्राफर मी पाहिलेत. त्यांच्या बोटीवर मी जात नाही.

फ्रेम अप्रतिम आली. संगमरवरी बोटांमधून डोकावणारा काळा-पिवळा मासा.

बोटीवर स्क्रीन बघून पाहुणे म्हणाले, “काय स्वर्ग आहे हो खाली!” मी ब्लीचिंगबद्दल बोलायला लागलो, तर डाइव्हच्या सहली चालवणाऱ्याने डोळ्यांनीच गप्प केलं. त्याचंही पोट हंगामावर, समजतं मला. पण पुढे तोच फोटो त्याने जाहिरातीला घेतला आणि फोटोखाली मी दिलेल्या ओळीतलं ‘ब्लीच झालेलं’ तेवढं गाळलं, याचा राग अजून आहे.

पॅसिफिकमधल्या मोरेआ बेटाजवळ ब्लीच झालेल्या ॲनिमोनीत राहणाऱ्या क्लाउनफिशची अंडी ७३ टक्क्यांनी घटलेली मोजली गेली. माझ्या फ्रेममध्ये हे कुठे दिसतं? मी खोटं काहीच केलं नव्हतं, उजेड तेवढा चांगला पाडला होता.

दुसऱ्या दिवशी स्ट्रोब बंद ठेवून, व्हाइट बॅलन्सही न लावता तेच ॲनिमोनी टिपलं. निळसर, राखाडी, मलूल. पाहुण्यांनी विचारलं, “हा बिघडला का हो?”