मूर्तिजापूरले गाडी बदलाची

आमच्या दारव्ह्यात यवतमाळ-मूर्तिजापूरच्या शकुंतला रेल्वेचं नाव निघालं की म्हातारी माणसं हळवी होतात. आबाजी नाही व्हायचे. ते जिनिंगवर मुनीम होते. "मूर्तिजापूरले उतरलं का अर्धा दिवस गेलाच समज," म्हणायचे. यवतमाळकडून येणारा रूळ अडीच फुटी, मुंबई-नागपूरचा साडेपाच फुटी. माणूस चालत फलाट बदलेल. रुईच्या गाठी हमालांच्या पाठीवरून या डब्यातून त्या डब्यात जायच्या, अन् आबाजी मोजत उभे.

परवा ऑस्ट्रेलियातल्या हेन्री पार्क्स या पुढाऱ्याबद्दल वाचलं आणि ते आठवले. १८८९ साली ऑस्ट्रेलिया हा एक देश नव्हताच. सहा ब्रिटिश वसाहती, जकातीही आपापल्या. रूळसुद्धा! न्यू साउथ वेल्सचा ४ फूट साडेआठ इंच, व्हिक्टोरियाचा ५ फूट ३ इंच, क्वीन्सलँडचा साडेतीन फूट. सिडनीहून मेलबर्नला जाणाऱ्यानं आल्बरीला बोचकं उचलून दुसऱ्या गाडीत बसायचं.

पार्क्स मूळचा इंग्लंडातला, हाड-हस्तिदंत कातणारा कारागीर. शाळा जेमतेम. १८८९ मध्ये पाचव्यांदा न्यू साउथ वेल्सचा प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री होता, वय ७४. ब्रिस्बेनहून परतताना २४ ऑक्टोबरला टेंटरफिल्ड या सीमेजवळच्या लहानशा गावात थांबला, आणि सगळ्या वसाहतींचं मिळून एक सरकार हवं, असं भाषण ठोकलं. निमित्त फौजेचं होतं: मेजर जनरल एडवर्ड्सनं संरक्षण एकत्र करा म्हणून नुकताच अहवाल दिला होता. पण टेंटरफिल्डच्या जरा अलीकडे, वलंगाऱ्याला, तेव्हा रूळ बदलायचा. म्हाताऱ्याच्या डोक्यात तो फलाटही असणार, असं आपलं मला वाटतं. इतिहासकार मानणार नाहीत, न मानोत.

वसाहतींच्या एकीसाठी १८९१ मध्ये सिडनीत भरलेल्या परिषदेचा अध्यक्ष तोच. राज्यघटनेचा मसुदा मात्र मुख्यतः क्वीन्सलँडच्या ग्रिफिथनं लिहिला. सगळं श्रेय पार्क्सला देणं मला पटत नाही. पुढे त्याच्याच वसाहतीत तो मसुदा रखडला. पार्क्स १८९६ मध्ये गेला. १ जानेवारी १९०१ ला संघराज्य झालं, पहिला पंतप्रधान बार्टन. आणि या एकीत तिथले मूळ आदिवासी लोकसंख्येत धरायचेच नाहीत, असं कलम. ते १९६७ मध्ये निघालं. मेळघाट जवळ असलेल्या माणसाला हे वाचून गप्प बसवत नाही.

रुळांचं काय झालं? देश एक होऊनही आल्बरीचं उतरणं काही सुटलं नाही. सिडनी-मेलबर्न एका रुळावर यायला १९६२ उजाडलं. त्या साली आबाजी मूर्तिजापूरच्या फलाटावर गाठी मोजत होते.