व्हाइटओक कॅनियनमधली केसाळ वेल

व्हर्जिनियातील शेनँडोआ राष्ट्रीय उद्यानाकडे निघण्यापूर्वी वहिनीने मला एकच ताकीद दिली होती : तीन पाने दिसली की हात लावायचा नाही. तिने मोबाइलवर पॉयझन आयव्ही या अंगावर पुरळ उठवणाऱ्या वेलीचे छायाचित्र दाखवले, तेव्हा मला पहिल्यांदा बेलाच्या त्रिदळाची आठवण झाली. मधले दल जरा लांब देठाचे, बाजूची दोन जवळजवळ देठाशिवाय आणि कडेला एखादी खाच असल्यामुळे अंगठा फाकलेल्या हातमोज्यासारखी दिसणारी. एवढी खूण मनात पक्की करून मी दिवसभर वाटेच्या कडेचे प्रत्येक त्रिदळ चुकवत चालले. मात्र ज्या वेलीने मला गाठले, तिला हाताच्या उंचीवर एकही पान नव्हते.

शेनँडोआला येणारे बहुतेक प्रवासी ब्लू रिज पर्वताच्या माथ्यावरून जाणाऱ्या, १०५ मैल लांबीच्या स्कायलाइन ड्राइव्हवरून डोंगर पाहतात. आम्ही मात्र पूर्वेकडच्या पायथ्यापासून व्हाइटओक कॅनियन चढायला घेतला. या घळीत एकावर एक असे सहा धबधबे असून वाट बराच वेळ ओढ्याच्या सोबतीने जाते. जुलै महिना होता, दमट उकाडा होता आणि एका डोहापाशी उतरण्याचा मोह मला आवरला नाही. उतार निसरडा होता. शेजारच्या जुन्या झाडाच्या बुंध्याला मनगटाएवढी जाड, तपकिरी केसांनी भरलेली, काथ्याच्या दोरासारखी एक वेल चिकटलेली दिसली. तिला धरून मी खाली उतरले, छायाचित्रे काढली आणि पुन्हा तिलाच धरून वर आले. दादाने शेवटच्या पावलाला मला हात दिला आणि मग त्याची नजर वर गेली. दहा-बारा फुटांवर त्या वेलीच्या फांद्या तीन-तीन पानांचे घोस घेऊन झाडाबाहेर डोकावत होत्या. "अगं, तो हात तोंडाला लावू नकोस," एवढेच तो म्हणाला.

या वेलीच्या पानांत, खोडात आणि मुळांतही उरुशिऑल नावाचा तेलकट चीक असतो आणि हिवाळ्यात पाने गळून गेल्यावरही तो खोडात तसाच राहतो. मिठाच्या कणाहूनही कमी चीक अंगावर पुरळ उठवायला पुरेसा होतो. तो त्वचेला लागल्यावर काही मिनिटांतच आत मुरू लागतो, म्हणून खरा उपाय पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत करायचा असतो. अर्ध्या तासानंतर धुण्याचा उपयोग झपाट्याने कमी होतो, तरी उशिरा धुणे न धुण्यापेक्षा बरेच. आमचा साबण गाडीत होता आणि गाडी तासाभराच्या अंतरावर होती. दादाने बाटलीतल्या पाण्याने आपला हात तिथेच चोळून धुतला आणि गाडीपाशी पोहोचताच भांडी घासण्याच्या द्रव साबणाने, खरखरीत फडके घेऊन, नखांच्या कडांसह पुन्हा दोनदा घासला. ऑइल लागलेला हात मेकॅनिक जसा घासतो, तसाच. मी हात नुसते भिजवले. खाजकुइलीला हात लागला तर ती तत्क्षणी कळते. इथे तर काहीच होत नव्हते, मग एवढा खटाटोप कशाला, असा माझा हिशेब होता.

हा हिशेब दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लुरे गावातल्या मुक्कामावर चुकता झाला. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला आग होऊ लागली, मग कोपरापर्यंत लाल रेघा उमटल्या आणि सकाळपर्यंत त्या रेघांवर पाण्याने भरलेल्या फोडांच्या ओळी उभ्या राहिल्या. वेलीचे केस जिथून घासत गेले होते, त्याचा नकाशाच हातावर काढल्यासारखा दिसत होता. दादाच्या हातावर एक ठिपकाही उठला नाही.

मला या वेळेचे नवल वाटले, कारण आयुष्यात प्रथमच या वेलीशी संबंध आलेल्या माणसाला पुरळ उठायला आठवडा, कधी दोन-तीन आठवडेही लागतात. शरीराची प्रतिकारयंत्रणा आधी त्या चिकाची ओळख पटवून घेते आणि पुढच्या खेपेला मात्र बारा ते अठ्ठेचाळीस तासांत पुरळ उठते. औषधांच्या दुकानातल्या फार्मसिस्ट बाईंनी मला विचारले, की आंब्याच्या चिकाने कधी त्रास झाला होता का. झाला होता, लहानपणी; आणि बिब्बाही एकदा चांगलाच उतला होता. आंबा, काजू, बिब्बा आणि पॉयझन आयव्ही ही सगळी एकाच कुळातली मंडळी असून त्यांच्या चिकांतले रासायनिक घटक एकमेकांचे नातलग आहेत. सहलीत बिब्बा घालणे हा वाक्प्रचार इतक्या शब्दशः माझ्या वाट्याला येईल, असे वाटले नव्हते.

त्या बाईंनी आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. एकदा पुरळ उठल्यावर कोणताही घरगुती उपाय ते लवकर घालवत नाही. ते एक ते तीन आठवडे आपल्या गतीनेच जाते. उपायांनी साधायचे ते एवढेच, की खाज सुसह्य व्हावी, झोप लागावी आणि नखांनी त्वचा फाटून जंतुसंसर्ग होऊ नये. पुढचे सगळे उपाय मी याच मापाने मोजले.

सर्वांत गुणकारी ठरल्या त्या गार पाण्याच्या पट्ट्या. स्वच्छ सुती कापड गार पाण्यात भिजवून, पिळून, पंधरा-वीस मिनिटे हातावर ठेवायचे आणि दिवसातून चार-पाच वेळा हेच करायचे. याला पैसा लागत नाही आणि अपाय होत नाही. गुलाबी कॅलामाइनमुळे लस गळणारे फोड सुकायला मदत झाली, पण तिचा गारवा अर्धा तासही टिकत नसे. खाण्याचा सोडा थोड्या पाण्यात कालवून केलेला लेपही साधारण तसाच. वाळला की तडकतो आणि कपड्यांवर पांढरा भुगा सांडतो. त्याहून मला ओटचे स्नान आवडले. कोरडे ओट मिक्सरमध्ये अगदी बारीक पीठ होईपर्यंत फिरवायचे, कोमट पाण्याच्या टबात मिसळायचे आणि पाणी दुधाळ झाले की पंधरा मिनिटे त्यात बसायचे. टब निसरडा होतो, हे मात्र मला कोणी सांगितले नव्हते. एक टक्का हायड्रोकॉर्टिसोनचे, म्हणजे सौम्य स्टेरॉइडचे मलम सुरुवातीच्या लाल चट्ट्यांवर थोडे उपयोगी पडले, भरलेल्या फोडांवर नाही. ॲलर्जीवरची अँटिहिस्टामिनची गोळी रात्री गुंगीसाठीच कामाची, कारण ही खाज मुख्यतः हिस्टामिनमुळे होत नाही. त्याच औषधाची मलमे आणि बधिर करणारी बेंझोकेनची मलमे टाळावीत, असे त्या बाईंनी बजावले. त्यांचीच वेगळी ॲलर्जी उद्भवू शकते.

माझी सर्वांत मोठी चूक कढत पाण्याची होती. सोसवेल तितके गरम पाणी हातावर सोडले, तेव्हा क्षणभर खाज इतकी विलक्षण सुखाने शमली की मी ते दोन रात्री केले. दोन्ही रात्री तासाभरात हात आधीपेक्षा लाल झाला आणि सुजला.

चौथ्या दिवशी मानेवर नवे चट्टे आले आणि आता फोडांतल्या पाण्याने पुरळ पसरत आहे, अशी माझी खात्री झाली. ती चुकीची होती. फोडांतल्या लशीत उरुशिऑल नसतो, त्यामुळे पुरळ एकापासून दुसऱ्याला लागत नाही आणि अंगावर पसरतही नाही; जाड कातडीवर किंवा कमी चीक लागलेल्या जागी ते उशिरा उठते, म्हणून पसरल्याचा भास होतो. माझ्या मानेचे कारण आणखी साधे होते. त्या डोहापाशी माझा कॅमेरा त्याच वेलीला टेकला होता आणि त्याचा पट्टा मी रोज गळ्यात घालत होते. हा चीक कपडे, बूट, काठ्या आणि कुत्र्यांच्या केसांवर महिनोन्‌महिने टिकून राहतो. वहिनीने रबरी हातमोजे घालून तो पट्टा साबणाने घासला आणि माझे त्या दिवशीचे कपडे गरम पाण्यात वेगळे धुतले. त्यानंतर नवा चट्टा आला नाही.

परतीच्या आधी आम्ही रोझ रिव्हरची वाट केली, तेव्हा ओढ्याकाठी नारिंगी फुलांची ज्युएलवीड पाहायला मिळाली. ही आपल्या तेरड्याची सख्खी बहीण. पिकलेली शेंग तशीच टचकन फुटते. तिचे खोड चेचून रस चोळण्याचा उपाय अमेरिकेतील मूळ रहिवाशांपासून चालत आला आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीक लागल्याबरोबर लावलेल्या ताज्या लगद्याने पुरळ कमी झाले, पण साध्या साबणाने त्याहून अधिक कमी झाले. माझ्या पंधरवड्याच्या जुन्या फोडांना तिचा उपयोग शून्य होता, तरी मी एक कांडी चुरगळून पाहिलीच.

डोळ्यांभोवती, तोंडावर किंवा नाजूक जागी पुरळ आले, अंगाचा मोठा भाग व्यापला, फोडांत पू झाला किंवा ताप आला, तर घरगुती उपायांचा विचार सोडून डॉक्टरांकडे जायचे, हे मी लिहून ठेवले होते. तेव्हा पोटातून स्टेरॉइड द्यावे लागते आणि ते दोन-तीन आठवड्यांत हळूहळू कमी करतात. लवकर थांबवले तर पुरळ उलटते. या वेलीचा पालापाचोळा जळत असेल, तर त्या धुरात श्वास घेणे फुप्फुसांना घातक ठरू शकते.

मला डॉक्टरांकडे जायची वेळ आली नाही. अठराव्या दिवशी शेवटच्या खपल्या गळाल्या. विमानाच्या आदल्या रात्री मी हातमोजे घालून बूट अंगणातल्या नळाखाली घासले आणि त्यांच्या नाड्या कापून पिशवीत बांधून टाकून दिल्या, कारण त्या नाड्यांची गाठ त्या दिवशी मी कोणत्या हाताने सोडली होती, ते मला आठवत नव्हते.