आरे-वारेचा रस्ता, जयगडची फेरी आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा

रत्नागिरीहून सकाळी साडेआठला निघालो, मी, बायको आणि आत्या. बेत साधा होता, आरे-वारे मार्गे गणपतीपुळे, दर्शन, मग जयगडला फेरीबोटीत गाडी चढवून पलीकडे तवसाळ आणि तिथून हेदवी करत गुहागरला मुक्काम. डिसेंबरातली हवा आणि आरे-वारेच्या चढावरून खाली दिसणारा तो समुद्र, कितीही वेळा गेलं तरी गाडी बाजूला घेऊन बघत बसावंसं वाटतंच.

त्याच चढावर मला पहिल्यांदा तो दिवा दिसला. बॅटरीचं लाल चित्र, अधिक-उणे खुणांचं, लागलं आणि विझलं. सकाळी गाडी चालू केली तेव्हा बॉनेटमधून चिर्र असा आवाज आला होता, पण रात्रभर दव पडलंय म्हणून असेल असं समजून मी सोडून दिलं होतं. नेवरे सोडलं आणि दिवा लागला तो लागलाच.

बायको म्हणाली, "अरे पण बॅटरी तर दिवाळीत नवीन टाकली ना?" आणि खरंच टाकली होती, पण हे मला कळकळीने सांगायचंय की हा दिवा बॅटरी खराब आहे असं सांगत नाही, चार्जिंग होत नाहीये असं सांगतो. चावी फिरवल्यावर तो लागतो आणि इंजिन चालू झालं की विझतो, ते बरोबरच आहे. चालत्या गाडीत लागला तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरून वीज तयार करणारं यंत्र, वीज देत नाहीये, त्याचा पट्टा तुटलाय किंवा घसरतोय, नाहीतर कुठेतरी वायर नाहीतर टर्मिनल (बॅटरीला तार जोडतात ती जागा) सैल झालंय, आणि तेव्हापासून गाडी फक्त बॅटरीत साठलंय तेवढ्यावर चाललीय.

मी लगेच एसी बंद केला, ब्लोअर बंद, गाणी बंद, आत्याचा मोबाईल चार्जिंगवरून काढला. हेडलाइट सकाळपासून उगाच चालू राहिले होते तेही बंद केले, 55 वॅटचे दोन बल्ब म्हणजे 12 व्होल्टवर नऊ अँपिअरच्या वर खेचतात, एवढ्याशा साठ्यातून ते फार झालं. टेंपरेचरचा काटा बघत राहिलो, कारण काही गाड्यांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही फिरतो आणि पट्टा तुटला तर इंजिन तापतं, मग मात्र तिथल्या तिथे थांबावंच लागतं. काटा जागेवर होता, स्टिअरिंगही (काही गाड्यांत तेही त्याच पट्ट्यावर चालतं) जड झालं नव्हतं, म्हणजे पट्टा निदान तुटला तरी नसावा.

गणपतीपुळ्यात आत्याला दर्शनाला उतरायचं होतं. मी म्हटलं, "आत्या, आत्ता नको गं, इंजिन बंद केलं तर परत चालू होईलच असं नाही." तिने बसल्या जागेवरून देवळाच्या दिशेने हात जोडले. मला खूप वाईट वाटलं पण इलाज नव्हता. आणि जयगडचं टेन्शन वेगळंच, फेरीत इंजिन बंद करायला लावतात, तवसाळच्या धक्क्यावर चालू नाही झाली तर मागच्या सगळ्या गाड्या अडकणार.

शहाळीवाल्याने सांगितलं, मालगुंडात गॅरेज आहे. केशवसुतांचं मालगुंड, तिथलं स्मारक बघायचं कधीचं मनात होतं. मिस्त्रींनी चालू गाडीवरच बॅटरीला मीटर लावला, 12.1 व्होल्ट. चार्जिंग होत असतं तर साधारण 14 च्या आसपास दिसायला हवं. "बॅटरी नाय वो, बॅटरी ठणठणीत हाय. पट्टा बघा कसा झालाय." पट्टा आतून चकचकीत गुळगुळीत, बारीक चिरा पडलेल्या, बोटाने दाबला तर आत जात होता. शिवाय टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड, खाऱ्या हवेत ती लवकर धरते.

नवा पट्टा रत्नागिरीहून यायला तीन तास लागले, तेवढ्यात आम्ही स्मारक निवांत बघितलं, जेवलो, आणि आत्याला रिक्षाने गणपतीपुळ्याला नेऊन दर्शनही करवून आणलं. मिस्त्रींनी आधी निगेटिव्ह काढून मग पॉझिटिव्ह, दोन्ही टर्मिनल खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुतले, कोरडे करून परत बसवताना निगेटिव्ह शेवटी आणि वरून पेट्रोलियम जेली. पट्टा बसवला, गाडी चालू केली, मीटरवर 14.2. दिवा गेला.

जयगडला फेरीत इंजिन बंद केलं तरी धाकधूक होतीच. तवसाळला रॅम्प पडला, चावी फिरवली, पहिल्या झटक्यात चालू.

हेदवीला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं आणि उशीर झाला म्हणूनच नेमकी भरती सापडली, बामणघळीत, म्हणजे तिथल्या किनाऱ्यावरच्या खडकातल्या अरुंद घळीत, पाणी घुसून असं उंच उडत होतं की आत्याची साडी पार भिजली तरी ती हलायला तयार नव्हती.