बंद केलेला टॉमकॅट मेसेज पाठवत होता

एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर आमच्याकडे होतं, ते टॉमकॅट या जावा ॲप चालवणाऱ्या सर्व्हरवर चालायचं. हप्त्याची आठवण करून देणारा एसएमएस रोज सकाळी सभासदांना जायचा. एक दिवस तिथले मॅनेजर फोनवर जाम भडकलेले, "अहो लोकांना एकच मेसेज तीन-तीनदा जातोय, शिव्या आम्ही खातोय." टीममध्ये सगळे एसएमएस गेटवेवाल्याच्या मागे लागले, कोड बघितला तर लूप बरोबर, डेटाबेसमध्ये डुप्लिकेट नाही, लोकल मशीनवर एकदाच जातो.

मग लक्षात आलं की नवीन डिप्लॉयमेंट झालं, म्हणजे टॉमकॅट बंद करून नवीन कोडसकट परत चालू केला की मेसेज एकाने वाढतो आणि सर्व्हर रीबूट झाला की परत एकवर येतो. लगेच पीएस ही चालू प्रोसेस दाखवणारी कमांड मारून बघितलं तर एकाऐवजी टॉमकॅटच्या तीन जावा प्रोसेस आरामात चालू!

झालेलं असं की शटडाऊन स्क्रिप्ट ८००५ पोर्टवर बंद हो असा निरोप देते, टॉमकॅट वेब रिक्वेस्ट घेणारा ८०८० पोर्ट सोडतो, ॲप थांबवतो, पण जेव्हीएमला, म्हणजे खाली चालणाऱ्या जावाच्या प्रोसेसला, कोणी मारत नाही, शेवटचा नॉन-डिमन थ्रेड (प्रोसेसला जिवंत धरून ठेवणारं, आत चालणारं काम) संपेपर्यंत ती जिवंतच राहते. पोर्ट मोकळा झाल्यामुळे नवीन टॉमकॅट बिनतक्रार चालू व्हायचा, एररच नाही, म्हणून कोणाला पत्ताच नाही. जुन्या प्रोसेसवर जेस्टॅक हे आतले थ्रेड दाखवणारं टूल चालवलं तर पूल-२-थ्रेड-१ नावाचा थ्रेड सापडला आणि त्याच्यापुढे डिमन हा शब्द नव्हता. कोणीतरी ठरलेल्या वेळी मेसेज पाठवणारा स्टॅटिक शेड्युलर बनवून ठेवलेला आणि तो बंद करायची ओळ कुठेच नाही. ॲप थांबल्यावर नवीन क्लास लोड होत नाहीत पण आधी लोड झालेले चालतच राहतात, म्हणून हे भूत रोज सकाळी इमानदारीत मेसेज पाठवायचं. टॉमकॅटच्या कॅटलिना लॉगमध्ये थ्रेडच्या नावासकट वॉर्निंग दर डिप्लॉयमेंटला पडत होती, पण मेमरी लीकची वॉर्निंग कोण वाचतं राव.

सर्व्हर सांभाळणारा ऑप्सवाला म्हणाला, "एवढं काय त्यात, स्क्रिप्टमध्ये किल माइनस नाइन टाक ना." म्हणजे प्रोसेस जागच्या जागी जबरदस्तीने मारायची. मला ते अजिबात पटलं नाही, अर्धे मेसेज गेलेत आणि कोणाला गेले याची नोंद व्हायच्या आत प्रोसेस मेली तर दुसऱ्या दिवशी परत तीच बोंब. शेवटी कॉन्टेक्स्ट लिसनरच्या डिस्ट्रॉयमध्ये, म्हणजे ॲप थांबताना चालणाऱ्या कोडमध्ये, शेड्युलरला शटडाऊन सांगितलं, चालू काम संपायला ३० सेकंद दिले.

तरी प्रोसेस जाईना! परत जेस्टॅक, आता टायमर-० म्हणून एक थ्रेड लटकलेला, तो रिपोर्टसाठी विकत घेतलेल्या जारमधला (तयार जावा कोडची फाइल) निघाला, सोर्स कोड आमच्याकडे नाही आणि जार देणारी कंपनी मेलला उत्तर देईना. मग गुपचूप स्क्रिप्टला प्रोसेसचा नंबर ठेवणारी पीआयडी फाइल दिली, मिनिटभर थांबून फोर्सने मारायचं असं लावलं, आणि ऑप्सवाल्याला चहा पाजावा लागला.